तराजूबाई

३ मार्च, सोमवार

आजपासून मी बाई झाले. बाई मी होतेच म्हणा, पण आता लॉन्ड्रीतल्या इस्त्रीघराची मुख्य बाई. मालकीणबाईंनी सगळ्यांना रोलरपाशी उभं करून सांगितलं, मुकादम निवृत्त झाले, आता यांचं ऐकायचं. टाळ्या वाजल्या. वाफेच्या आवाजात किती वाजल्या ते कळलं नाही, पण वाजल्या.

ही डायरी मालकीणबाईंनीच दिली. म्हणाल्या, काय चाललंय ते लिहीत जा, डोकं ताळ्यावर राहतं. माझं डोकं ताळ्यावरच आहे, पण कोरी वही वाया घालवणाऱ्यांतली मी नाही.

इस्त्रीघर म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला बॉयलरची भिंत, दुसऱ्या टोकाला दार, तिथं इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या गाड्या लागतात. मधोमध इस्त्रीचा तापता रोलर. दोघी जणी ओलसर चादर त्याच्या तोंडाला लावतात, पलीकडे दोघी जणी ती गरमागरम झेलून घडी घालतात. बॉयलरच्या बाजूला उभं राहिलं की माणूस शिजून निघतो. दाराकडच्या टेबलाशी गठ्ठे बांधायचं काम, तिथं वारा. मुकादमांच्या काळात त्यांची खास माणसं कायम वाऱ्याला आणि बाकीच्या कायम वाफेला. मी आणि धाकटी बाकीच्यांत.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. एकाच घरात राहतो आणि इतकी वर्षं रोलरच्या एकाच बाजूला जोडीनं उभ्या राहून चादरी झेलल्या. तिचे हात बघण्यासारखे आहेत. रोलरमधून चादर बाहेर आली की टोक तिला न बघता सापडतं. खरं सांगायचं तर आमच्या जोडीची घडी तीच घालायची, मी दुसरं टोक धरायची.

घरी येताना वाटेतच तिला सांगून टाकलं, की उद्यापासून कामावर मी तुझी जाऊ नाही. ताई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. ती हसून म्हणाली, "बरं, बाई." पोर समजूतदार आहे.

सासूबाईंनी विचारलं, पगार वाढला का? म्हटलं, थोडा, पण मान वाढला. म्हणाल्या, "मग मानेला जप."

५ मार्च, बुधवार

आज मोठं काम केलं. इस्त्रीघरात पाळी लावली. आठवडाभर जी वाफेला, ती पुढच्या आठवड्यात वाऱ्याला. कुणी खास नाही, कुणी बिनखास नाही. हे जाहीर केल्यावर कात्री म्हणाली, "एवढ्या जणींना एकदम पाळी लावली, बाईंचा हात चांगला आहे." सगळ्या हसत सुटल्या. कात्री म्हणजे रोलरवर चादर लावणाऱ्यांतली एक, कानापाशी कात्री चालावी तशी जीभ चालते म्हणून हे नाव. मीही हसले. बाईनं कधी हसावं हेही कळायला हवं.

पहिल्या आठवड्यात वाफेला कोण, यावर जरा कुजबुज झाली. मी तिथल्या तिथं धाकटीचं नाव घेतलं. कुजबुज बंद. ज्याच्या हाती सत्ता त्यानं आधी आपल्या घरच्यांना उन्हात उभं करावं, मग दुसऱ्यांना सावली द्यावी, असं माझं मत आहे. हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून लिहून ठेवलं.

७ मार्च, शुक्रवार

विशेष काही नाही. पाय सुजले. बाई झाल्यावर बसून काम असेल असं वाटलं होतं.

११ मार्च, मंगळवार

पाळी बदलली. मुकादमांची जी माणसं जन्मात वाफेला गेली नव्हती ती मुकाट गेली. हे मुकादमांना इतक्या वर्षांत जमलं नाही, मला आठवड्यात जमलं. माझी पाठ मीच थोपटते, दुसरं कोण थोपटणार.

धाकटीची पाळी वाऱ्याला होती. पण लंबीला खोकला झालाय (ही चादर झेलणारी, छताला हात लागेल एवढी उंच). तिला वाफ सोसेना, म्हणून तिला दाराशी घेतलं आणि धाकटीला आणखी एक आठवडा बॉयलरकडे ठेवलं. तिला विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

आणि आजची खरी बातमी. बॉयलरवाले काका चहा पिता पिता म्हणाले, बायकांनी तुमचं नाव ठेवलंय, तराजूबाई. मी चहाचा कप खाली ठेवला. मुकादमांचं नाव बायकांनी काय ठेवलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि मला आठवड्याभरात तराजू. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, विचारलंस का?" बायकोचं कौतुक ऐकलं की ह्यांना आधी शंका येतात.

१४ मार्च, शुक्रवार

आज इस्पितळाच्या एका गठ्ठ्यात तीन चादरी पिवळ्या पडलेल्या निघाल्या. रोलर सावकाश केला आणि चादर आत रेंगाळली की अशी पिवळी पडते. रोलरचा वेग लावणारीच्या हातात असतो. लावायला कात्री होती आणि ती पलीकडचीला बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगत होती, ते मी कानानं ऐकलं होतं. धाकटी झेलायला होती. झेलणारीचा यात काय दोष, हे मला समजत नाही असं नाही.

पण कात्रीला बोलले असते तर ती चार चौघींत उलटून बोलली असती, आणि मग बाकीच्या म्हणाल्या असत्या, जावेला सोडलं आणि कात्रीला धरलं. म्हणून मी धाकटीलाच बोलले. मोठ्या आवाजात. झेलताना डोळे कुठं होते, पहिली पिवळी आली तेव्हाच का ओरडली नाहीस, वगैरे. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपल्याकडे काही उगीच नाही. कात्रीनं लगेच वेग वाढवला आणि दिवसभर तोंड उघडलं नाही. एका दगडात दोन पक्षी.

धाकटी "चुकलं, बाई," म्हणाली आणि पुढची चादर झेलली. घरी येताना तिला सांगणार होते की मनावर घेऊ नकोस, ते तुझ्यासाठी नव्हतं. पण ती भाजीला म्हणून बाजाराकडे वळली.

१९ मार्च, बुधवार

काल धाकटीनं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. छकुलीची, म्हणजे तिच्या मुलीची, आज शाळेत धावण्याची शर्यत होती. मी नाही म्हटलं. त्याच दिवसाची सुट्टी लंबीला आधीच दिली होती, तिच्या भावाच्या नव्या घरासाठी. दोघी एकदम गेल्या तर झेलणारं कोण? आणि एकीला नाही म्हणायचंच तर घरचीला म्हणावं, तेवढं तिनं समजून घ्यायला हवं. घेतलंही.

छकुली पहिली आली. रात्री जेवताना गळ्यात पदक घालूनच बसली. मला म्हणाली, "काकू, आई नाही आली, तू पण नाही आलीस. आजी आली, पण तिला मी कुठली तेच कळलं नाही." सासूबाई म्हणाल्या, सगळ्याच एकसारखे कपडे घालून पळत होत्या, मी सगळ्यांना टाळ्या वाजवल्या.

जेवताना धाकटी मला म्हणाली, "बाई, मीठ द्या." कामावरची सवय घरात आली. सगळे हसले, मीही हसले. हे मात्र हसले नाहीत, ताटात बघत राहिले. ह्यांना विनोद जरा उशिरा कळतो.

२६ मार्च, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

नवा रोलर येतोय. जुन्यापेक्षा रुंद, चाल दुप्पट. मालकीणबाईंनी मला आत बोलावून सांगितलं, की त्यावर एक रोलरप्रमुख नेमायची. ती आधी स्वतः शिकणार, मग बाकीच्यांना शिकवणार, आणि त्या मशीनवर तिचाच शब्द चालणार. नाव तुम्हीच सुचवा. मग स्वतःच म्हणाल्या, तुमची जाऊच सगळ्यात तयार आहे ना?

मी म्हटलं, "आहे. म्हणूनच नको."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं. मी बाई, माझी जाऊ रोलरप्रमुख, म्हणजे लॉन्ड्रीचं आमच्या घराचं माजघर होणार. लोक काय म्हणतील? मी लंबीचं नाव दिलं. लंबी सरळ आहे, वेळेवर येते, हात जरा सावकाश आहे पण शिकेल. मालकीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, तुमची माणसं तुम्हाला माहीत.

दुपारी मी सगळ्यांसमोर लंबीचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी काही बोललंच नाही, रोलरचा फुसफुसाट तेवढा चालू होता. लंबीचा चेहरा पांढरा पडला, आनंदानं होतं असं कधी कधी. कात्री धाकटीकडे बघत होती, धाकटी चादरीकडे. मला उमगलं की या बायकांनी असा निर्णय जन्मात बघितलेला नाही. हातातलं पद घरी न नेता परक्या बाईला देणारं माणूस बघून बोलती बंद होणारच. मला स्वतःचाच एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी वाफेच्या नावानं ते पुसले.

२७ मार्च, गुरुवार

आज कुणी फारसं बोललं नाही. कामं होतायत.

एक विचार सकाळपासून डोक्यात घोळतोय. धाकटी माझी जाऊ नसती, कुणी तिऱ्हाईत असती, तर मी कुणाचं नाव दिलं असतं? नसते विचार आहेत. पण लिहून काढल्याशिवाय जाईना.

२९ मार्च, शनिवार

संताप संताप झालाय.

सकाळी गठ्ठ्यांच्या टेबलामागून जात होते. माझ्याकडे पाठ करून दोघी तिघी बोलत होत्या. कात्रीचा आवाज मी हजार आवाजांत ओळखीन. म्हणाली, "काही सांगू नका तराजूबाईंचं. बाई दांडी मारतात."

मी दांडी मारते? मी? ताप अंगात असताना मी कामावर आले आहे. ह्यांचे दात काढले त्या दिवशी आले आहे. बाई झाल्यापासून तर सगळ्यांच्या आधी दार उघडते आणि सगळ्यांच्या शेवटी लावते. मुकादम दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या आत्याला मारून सुट्टी घ्यायचे, त्यांना कुणी बोललं नाही. माझ्यावर मात्र हा आळ.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी सगळ्यांना गोळा केलं आणि स्पष्ट सांगितलं. "मी आल्यापासून एक दिवससुद्धा दांडी मारलेली नाही. कुणी बघितली असेल तर समोर येऊन सांगावं."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि कात्री मान खाली घालून म्हणाली, "रोजच मारता की, बाई." सगळ्या हसल्या. लंबीसुद्धा. माझी रोलरप्रमुख.

एक धाकटी तेवढी हसली नाही. तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला, हात पुसले आणि काम सुरू केलं. घरच्याला शेवटी घरच्याची लाज असते, हे मला बरं वाटलं.

३० मार्च, रविवार

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी घरच्या चादरी गच्चीवर वाळत होत्या. मी आणि धाकटी काढायला गेलो. दोघींच्या हातांना सवय, एक बाजू तिच्याकडे, एक माझ्याकडे. कालचा राग होताच, मी कात्रीचा उद्धार सुरू केला. तिनं ऐकून घेतलं आणि मग घडी अर्धवट असतानाच थांबली.

"ताई, खरंच कळलं नाही तुम्हाला?"

खूप दिवसांनी ताई म्हणाली. मी म्हटलं, कळायचंय काय त्यात? एक दिवस तरी मी घरी राहिले का?

"ती दांडी नाही हो. तराजूची दांडी. वाणी मारतो ती."

मी म्हटलं, मी कुणाचं वजन कमी भरलं?

"माझं," ती म्हणाली.

चादर तशीच दोघींच्या हातात होती. ती आवाज न चढवता बोलत गेली, ती चढवतच नाही. वाणी आपल्या गल्ल्यासाठी दांडी मारतो, तुम्ही आपल्या नावासाठी मारता. लंबीला खोकला झाला तर मी वाफेला. कात्रीच्या गप्पांत चादरी पिवळ्या पडल्या तर बोलणी मला. सगळ्यांना सगळं दिसत होतं, ताई. कात्रीला तर त्या दिवशी एवढं लाजल्यासारखं झालं की मला येऊन म्हणाली, मलाच बोलायला हवं होतं त्यांनी. पहिल्या आठवड्यात मला वाफेला लावलंत तेव्हाच बायका म्हणायला लागल्या, ही स्वतःच्या जावेला पुरतं मोजून देत नाही, आपल्याला काय देणार. तेव्हा पडलं तुमचं ते नाव.

मला राग आला. उगाच खोटं कशाला लिहू, आधी रागच आला. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

"कुणाला बोलणार? कामावर तुम्ही माझ्या जाऊ नाही म्हणालात. घरी आले तर बाईंची तक्रार ताईंकडे कशी करायची?"

मग म्हणाली की पुलापलीकडच्या लॉन्ड्रीत ती विचारून आली आहे. पहिल्या तारखेपासून या, असं त्यांनी सांगितलंय. म्हणजे परवापासून. पगार तेवढाच आहे, पण तिथं ती कुणाची कुणी नाही.

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की टोक नीट धर, घडी वाकडी होतेय. तिनं धरलं. घडी झाल्यावर ती खाली गेली आणि मी गच्चीवरच बसून राहिले. आपलं नाव राखायला मी घरातलं माणूस वापरलं, फडक्यासारखं. आणि एवढं करून नाव तरी कुठं राहिलं.

दुपारी सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की दोन सुनांना इतकी वर्षं सारखं कसं धरलंत? त्या म्हणाल्या, "सारखं कुणी धरलंय? तुझ्या हातचं रोज जेवले असते तर मी केव्हाच गेले असते, म्हणून स्वयंपाक तिला दिला. तिला दुकानदाराशी दोन शब्द बोलता येत नाहीत, म्हणून बाजार तुला दिला. दोघींनी कधी तक्रार केलीत का?" नाही केली. स्वयंपाकाचं मला आजच कळलं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी दार उघडल्यावर पहिल्यांदा लंबीला गाठलं. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, की चूक माझी झाली, तुझी नाही. रोलरप्रमुख नेमताना मी हात बघायला हवे होते, मी नातं बघितलं. तुझा अपमान होतोय हे मला कळतंय. ती गठ्ठ्यावर मटकन बसली आणि म्हणाली, सुटले. नाव जाहीर झालं त्या दिवसापासून तिला जेवण जात नव्हतं. नव्या मशीनची तिला भीती वाटत होती, आणि धाकटीच्या नजरेला नजर देता येत नव्हती ते वेगळंच.

मग मालकीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, पाच दिवसांत नाव बदललं तर लोक काय म्हणतील? म्हटलं, म्हणू देत. लोक काय म्हणतील या पायीच हे सगळं झालंय.

दहाच्या सुमाराला मी रोलर थांबवायला सांगितलं. चालू कामात रोलर कधी थांबत नाही, त्यामुळे सगळ्यांनी वर बघितलं. बॉयलरवाले काकासुद्धा आले. मी म्हटलं:

"त्या दिवशी चादरी पिवळ्या पडल्या, त्यात धाकटीचा दोष नव्हता. मला ते माहीत होतं, तरी मी तिला बोलले. वाफेची तिची पाळी संपली होती, तरी मी तिला तिथं ठेवलं. नव्या रोलरवर तिच्याइतकं तयार कुणी नाही, तरी मी तिचं नाव घेतलं नाही. आता घेते. रोलरप्रमुख ती. ती माझी सख्खी जाऊ आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, माझ्या तोंडावर."

मुकादमांच्या जुन्या खास माणसांपैकी एक पुटपुटली, "शेवटी घरातच गेलं."

"घरात नाही गं, हातात गेलं," कात्री म्हणाली. "तुला घालता येते का तशी घडी?" मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता माझी बाजू घेणार. "पण मला म्हणायचंय, बाई. तुम्ही तिचं नाव कापलंत तेव्हा तिला विचारलं नाहीत. आज घातलंत, आज तरी विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. घरून निघताना, वाटेत, कुठंच नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं, तिला आनंदच होईल. भर इस्त्रीघरात माझे कान गरम झाले, आणि मी सगळ्यांदेखत धाकटीला विचारलं, की तू राहशील का, आणि हे करशील का?

तिनं हातातली चादर घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "करीन. पण एक आहे. माझी चूक झाली तर मला सगळ्यांसारखं बोला. नाही झाली तर बोलू नका."

एवढीच अट. मी म्हटलं, कबूल.

कात्रीनं रोलर चालू केला. टाळ्या आजही वाजल्या नाहीत. पण थोड्या वेळानं मी दाराशी गठ्ठे मोजत होते तेव्हा लंबी येऊन म्हणाली, "बाई, या आठवड्यात वाऱ्याला धाकटी आहे. पाळीप्रमाणे. तुम्ही विसरला असाल म्हणून." मी विसरले नव्हते. पण आठवण करून द्यावीशी वाटली तिला, हे चांगलंच झालं.

पुलापलीकडे नाही म्हणून कळवलं, असं धाकटीनं घरी येताना सांगितलं. बाकी वाटभर छकुलीच्या बुटांबद्दल बोलत होती. मी ऐकत होते.

८ एप्रिल, मंगळवार

नवा रोलर आज रीतसर चालू झाला. पोरीनं (पस्तिशी उलटली तरी मला धाकटी पोरच) शिकायच्या चार दिवसांत तो असा आपलासा केलाय, की बसवायला आलेला मेकॅनिक मला विचारत होता, यांनी आधी कुठं काम केलंय? म्हटलं, आमच्याच जुन्या रोलरवर. त्याला खरं वाटेना. माझी छाती एवढी फुगली की ब्लाउजच्या शिलाईची काळजी वाटली.

मालकीणबाई बघायला आल्या, इस्पितळाची माणसं आली. एका बाजूला कात्री आणि दुसरी एक लावायला, पलीकडे लंबी झेलायला, मध्ये धाकटी. मीही पुढं झाले. एवढी पाहुणेमंडळी असताना बाईनं नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. एक चादर जरा चुरगळलेली आत जात होती. मी जुन्या सवयीनं तळहातानं ती सुरकुती सारखी करायला गेले. जुन्या रोलरवर आम्ही सगळ्याच तसं करायचो.

"बाई, हात मागे."

धाकटीचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं मशीन थांबवलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा रोलर हात ओढतो. कालच सगळ्यांना सांगितलंय, तोंडाजवळच्या या पट्टीच्या पुढं कुणाचाही हात जाता कामा नये. कुणाचाही म्हणजे तुमचासुद्धा. मागे उभ्या राहा."

मालकीणबाई बघत होत्या. इस्पितळाची माणसं बघत होती. कात्री तर श्वास रोखून बघत होती. एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं, की मी कोण आहे माहीत आहे ना? पण माझा हात अजून त्या पट्टीच्या पुढंच होता, आणि तो तिथं नको होता, हे तिथल्या प्रत्येकीला दिसत होतं. मी हात काढून घेतला. "चुकलं," म्हटलं, आणि मागे जाऊन उभी राहिले. तिनं मशीन चालू केलं. चादर सरळ निघाली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी सासूबाईंना सांगितलं, की आज मला कामावर चार पाहुण्यांसमोर बोलणी बसली. त्या हातातलं काम टाकून उठल्या. कोण बोललं तुला? म्हटलं, तुमची धाकटी सून. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भीत भीत विचारलं, मग तू काय केलंस?

"काय करणार? चूक माझी होती," मी म्हटलं. आणि मग ह्यांना सांगितलं, भावजींना सांगितलं, छकुलीलाही सांगितलं, की तुझी आई आज मला कशी बोलली. आईनं तो आवाज कसा काढला ते छकुलीनं मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. मी दाखवला. धाकटी आतून ओरडली, की पुरे झालं आता ताई, जेवायला चला.